नव्या ओटीटीची ट्रायल: आधी वायर, मग टीव्ही, पैसे सगळ्यात शेवटी

नवीन व्हिडिओ ॲपची ट्रायल घेताना बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. जाहिरात दिसली की ॲप उतरवायचं, यूपीआय पिन टाकून मोकळं व्हायचं आणि रात्री सगळे टीव्हीसमोर बसले की कळायचं, आपल्या टीव्हीला हे ॲपच नाही. किंवा ॲप आहे, पण नऊ वाजता चकती फिरत बसते. मग ट्रायलचे सात दिवस केबलवाल्याला फोन करण्यात जातात आणि आठव्या दिवशी खात्यातून पैसे कटतात.

खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. पहिल्या तीन टप्प्यांतल्या तपासणीला एक रुपयाही लागत नाही आणि ट्रायलचं घड्याळही सुरू होत नाही. ते पुरे झाल्याशिवाय चौथ्याकडे जाऊ नका.

टप्पा १: ते आपल्याकडे आधीच आहे का?

मोबाइलचे बरेच रिचार्ज आणि फायबरचे प्लॅन एखाद-दुसरं ओटीटी सोबत देतात. घरातल्या प्रत्येक सिमचं कंपनीचं ॲप उघडा, चालू प्लॅनचा तपशील काढा आणि 'बेनिफिट्स' खाली काय लिहिलंय ते वाचा. फायबरचं बिल असेल तर तेही बघा. स्थानिक केबलवाल्याकडून नेट असेल तर त्याला थेट विचारा, कारण त्याच्या पावतीवर हे सहसा लिहिलेलं नसतं.

दोन गोष्टी इथं चुकतात. एक, सोबत मिळालेली सेवा ज्या नंबरवर रिचार्ज झालाय त्याच नंबरनं लॉगिन केल्यावर उघडते. वडिलांच्या नंबरवर रिचार्ज आणि मुलाच्या नंबरनं लॉगिन, असं केलं की ॲप पैसे मागतं. दोन, अशी सेवा बऱ्याचदा फक्त मोबाइलपुरती असते. 'मोबाइल' हा शब्द प्लॅनच्या नावात आहे का ते बघा. असेल तर टीव्हीवर लॉगिन होणार नाही आणि फोनवरून टीव्हीला कास्टही होणार नाही, म्हणजे फोनवर लावलेलं टीव्हीवर पाठवता येणार नाही.

टप्पा २: नेट रात्री मोजा, आणि टीव्हीच्या जागी मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. ट्रायल फसण्याची बहुतेक कारणं ॲपमध्ये नसतात, घरातल्या वायरीत आणि भिंतीत असतात.

दुपारी तीनला राऊटरशेजारी उभं राहून काढलेला वेग काही कामाचा नाही. फोन घेऊन टीव्हीच्या अगदी जवळ जा, मोबाइल डेटा बंद करा, वायफाय चालू ठेवा आणि ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. आकडा आपोआप येतो. रात्री ८ला, ९:३०ला आणि १०:३०ला, असं तीनदा मोजा. तिन्हींतला सगळ्यात लहान आकडा हाच तुमच्या नेटचा वेग धरा, सरासरी काढू नका.

फुल एचडीला ५ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) आणि ४केला १५ एमबीपीएस लागतात. हा एका पडद्याचा हिशोब आहे. घरात आणखी तीन फोन रील्स ओढत असतील तर दुप्पट वेग हाताशी हवा. म्हणजे फुल एचडीसाठी तुमचा लहानात लहान आकडा १० असेल तर निर्धास्त राहा. ५ ते १० असेल तर चालेल, पण क्रिकेटच्या दिवशी रडेल.

आकडा कमी आला तर राऊटर बदलायला धावू नका. दोष कुठं आहे ते आधी शोधा. लॅपटॉप लॅन वायरीनं थेट केबलवाल्याच्या बॉक्सला जोडा आणि त्याच वेळी पुन्हा मोजा.

वायरीवर वेग नीट, वायफायवर कमी: दोष घरातला. साताऱ्यातल्या किंवा वाईतल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय नीट पार होत नाही. २.४चं पार होतं, पण त्याचा वेग कमी आणि शेजाऱ्यांच्या राऊटरची गर्दीही तिथंच. टीव्ही आणि राऊटर एका खोलीत असतील तर ५ला जोडा, मध्ये भिंत असेल तर २.४ला. राऊटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागं कोंबून ठेवला असेल तर आधी तो मोकळ्या जागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. तेवढ्यानंही बऱ्याचदा काम होतं. सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र जुनाच आहे: राऊटरपासून टीव्हीपर्यंत कॅट ५ई लॅन वायर. पंधरा-वीस मीटर वायर कोणताही केबलवाला ओढून देतो. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचं असतं आणि ४केलाही ते पुरून उरतं.

वायरीवरही वेग कमी, पण सकाळी ठीक: दोष केबलवाल्याकडं. रात्री सगळी गल्ली बसते आणि त्यानं वरून घेतलेली लाइन अपुरी पडते. इथं तुमचा नवा राऊटर काहीही करू शकत नाही. तीन वेळांचे स्क्रीनशॉट त्याला पाठवा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीला उत्तर मिळत नाही, तारीख-वेळेसह आकडा दाखवला की मिळतं.

वेगच नाही, बॉक्सवर 'लॉस'चा (एलओएस, म्हणजे सिग्नल नाही) लाल दिवा: फायबर तुटलीय. साखर कारखाने चालू झाले की उंच भरलेली उसाची ट्रॉली रस्त्यावरून आडवी टाकलेली वायर ओढून नेते, हे कराड-ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) पट्ट्यात काही नवीन नाही. राऊटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, जोडणाराच हवा. 'पॉन'चा (फायबरच्या जोडणीचा) दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर लाइन शाबूत आहे.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा बेत असेल तर साधा हिशोब करा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज १.५ जीबीचं रिचार्ज अर्ध्या तासात आटोपतं आणि मग वेग इतका घसरतो की व्हॉट्सॲपचा फोटोही उघडत नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरात जिथं फायबर पोचलेली नाही, तिथं ट्रायल घ्यायचीच तर ॲपमध्ये डेटा सेव्हर लावा आणि फोन खिडकीत ठेवा. पावसाळ्यात वीज जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरीही बसते. जून-जुलैमध्ये अशा ठिकाणी ट्रायल सुरू करणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

विजेचं बघून ठेवा: घराला इन्व्हर्टर असतो, पण राऊटरचा प्लग बऱ्याचदा त्याच्या बाहेरच्या बोर्डावर असतो. राऊटरसाठी छोटा यूपीएस घेणार असाल तर जुन्या अडॅप्टरवरचा आकडा वाचा. १२ व्होल्ट असेल तर १२च हवं, ९चं चालणार नाही. अँपियर तेवढे किंवा जास्त असलेले चालतात, कमी नकोत. फायबरचा बॉक्स आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागेल, एकट्या राऊटरला देऊन भागत नाही.

टप्पा ३: टीव्ही तयार आहे का?

रिमोटनं टीव्हीचं ॲप स्टोअर उघडा आणि त्या सेवेचं नाव शोधा. सापडलं आणि 'इन्स्टॉल' दिसलं तर पुढं जा. फोनवर ॲप आहे म्हणजे टीव्हीवरही असणार, असं गृहीत धरू नका. सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस आणि गूगल टीव्ही या तीन वेगळ्या दुनिया आहेत. नवी सेवा या तिन्हींवर एकाच दिवशी येईलच असं नाही.

स्वस्तातल्या काही 'स्मार्ट' टीव्हींमध्ये अँड्रॉइड असतं, पण गूगलचं प्रमाणपत्र नसतं. त्यावर ॲप दिसलं तरी चित्र धुरकट येतं. कारण आहे वाइडवाइन नावाचं कुलूप. चित्रपट चोरीला जाऊ नये म्हणून सेवा ते वापरतात. उपकरणाला त्याची 'एल१' पातळी असेल तरच एचडी मिळतं, 'एल३' असेल तर बहुतेक सेवा ४८०पीच्या (एचडीपेक्षा खालच्या दर्जाच्या) पुढं जात नाहीत. फोनची पातळी प्ले स्टोअरवरच्या 'डीआरएम इन्फो' ॲपमध्ये दिसते. एल३ असताना महागडा ४के प्लॅन घेणं म्हणजे पैसे कृष्णेत सोडणं.

ॲपच नसेल तर स्टिक लावता येते, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टात बसणारं, ॲप चालवणारं छोटं उपकरण. ती लावताना एक चूक हमखास होते: सोबत आलेला अडॅप्टर खोक्यातच राहतो आणि स्टिकची वायर टीव्हीच्या यूएसबीत खुपसली जाते. त्या पोर्टमधून बऱ्याचदा अर्धाच अँपियर मिळतो. स्टिकला एक लागतो. मग ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते आणि दोष ॲपला जातो. अडॅप्टर भिंतीतच लावा.

फोनचा पडदा टीव्हीवर 'मिरर' करून काम भागवायचा विचार असेल तर ही खूण लक्षात ठेवा: आवाज येतो, चित्र काळं. बिघाड नाही, ते कुलूपच आहे. ॲपमधलं 'कास्ट'चं चिन्ह ही वेगळी गोष्ट, ते चालतं.

टीव्हीत जागा किती शिल्लक आहे तेही बघा. ८ जीबीच्या टीव्हीत प्रत्यक्षात उरतं फार थोडं, न वापरलेली दोन-तीन ॲप काढून टाका.

तपासणी: रात्रीचा लहानात लहान आकडा वहीत लिहिलाय, टीव्हीच्या स्टोअरमध्ये ॲप सापडलंय, जागा मोकळी आहे. तिन्ही झालं? मगच पुढं.

टप्पा ४: खरं ॲप, आणि सुरू करायचा दिवस

ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घ्या. गावच्या ग्रुपवर फिरणारी 'सगळं फुकट'वाली एपीके (स्टोअरबाहेरून ॲप टाकायची) फाइल उघडू नका, तिला तुमचे एसएमएस वाचायची परवानगी हवी असते आणि ओटीपी तिथंच येतात. स्टोअरमध्येही सेवेच्या नावाखाली कंपनीचं नाव वाचा. मिळत्याजुळत्या नावाची आणि तसल्याच रंगाची ॲप असतात.

खातं ज्या नंबरवर काढाल त्या सिमचा फोन रात्री घरात असायला हवा. पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर खातं आणि टीव्ही मिरजेत, असं असलं की दर वेळी 'ओटीपी सांग रे' हे ठरलेलं.

सात दिवसांची ट्रायल शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा. घरात सगळे असतात तो शनिवार-रविवार लगेच हाताशी येतो, नंतरचे कामाचे दिवस रात्रीची गर्दी तपासायला मिळतात. जत्रा, लग्न, सहामाही परीक्षा असल्या आठवड्यात सुरू करू नका.

टप्पा ५: प्लॅन आणि ऑटोपे

इथं घाई करणाऱ्याचे पैसे जातात. पैसे भरायच्या पडद्यावर बऱ्याचदा वर्षाचा प्लॅन आधीच निवडलेला असतो आणि त्याच्यावर बारानं भागून काढलेला महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. खाली लहान अक्षरात 'एकदम आकारले जातील' असं काहीतरी असतं. ट्रायलला महिन्याचाच प्लॅन घ्या, मग तो महाग का पडेना.

प्लॅनच्या तक्त्यात चार ओळी वाचा: कोणत्या उपकरणांवर, एका वेळी किती पडद्यांवर, जास्तीत जास्त किती रिझोल्युशन, जाहिराती आहेत की नाहीत. 'खेळ आणि थेट प्रक्षेपण सोडून जाहिरातमुक्त' असली अट असेल तर क्रिकेटसाठी घेणाऱ्यानं ती दोनदा वाचावी.

ट्रायल फुकट असली तरी ऑटोपेची, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कटू देण्याची, मंजुरी मागितली जाते आणि पडताळणीला एक-दोन रुपये कटून परत येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते यूपीआयच्या मंजुरी पडद्यावर. तिथं तीन गोष्टी असतात: कमाल रक्कम, किती दिवसांनी आणि कधीपर्यंत. प्लॅन १४९ रुपयांचा आणि कमाल रक्कम १,००० असं दिसलं तर समजून घ्या, की उद्या किंमत वाढली तरी त्या मर्यादेपर्यंत पुन्हा पिन विचारला जाणार नाही. हे बेकायदा नाही, पण पिन टाकायच्या आधी माहीत असावं. या तीन ओळींचा स्क्रीनशॉट काढा.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथं तुमच्या बाजूनं आहेत. पहिल्या मंजुरीला ओटीपी किंवा पिन लागतोच. पुढच्या प्रत्येक वेळी पैसे कटायच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. अशा वर्गणीला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून ती २४ तासांची सूचना हाच तुमचा पहारेकरी. एसएमएसच्या ढिगाऱ्यात ती हरवते, म्हणून त्यावर विसंबू नका.

सहकारी बँकेचं कार्ड असेल तर ऑटोपे अडकू शकतो. आपल्याकडं बऱ्याच जणांचं मुख्य खातं नागरी किंवा जिल्हा बँकेत असतं आणि अशा सगळ्याच बँकांची कार्डं आपोआप कटणाऱ्या वर्गणीला चालत नाहीत. पुन्हा पुन्हा कार्ड टाकत बसू नका. दुसऱ्या बँकेचं यूपीआय वापरा, किंवा ऑटोपे नसलेला एकरकमी महिन्याचा पर्याय असेल तर तो घ्या. खरं तर पर्याय असेल तेव्हा तोच बरा, विसरलात तरी पुढचे पैसे कटत नाहीत.

चूक: 'खात्यात पैसेच ठेवत नाही, मग कटणार काय?' रिकामं खातं म्हणजे रद्द झालेली वर्गणी नव्हे. काही बँका फसलेल्या ऑटो-डेबिटला दंड लावतात.

मंजुरी होताच फोनमध्ये गजर लावा: बुधवार, रात्री ९. शुक्रवार संध्याकाळी सुरू झालेली ट्रायल बहुधा पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी संपते, रात्री बाराला नाही. आयफोनवरून घेतली असेल तर ती संपायच्या २४ तास आधी रद्द करावी लागते. बुधवार म्हणजे दोन दिवस हातात.

टप्पा ६: टीव्हीवर लॉगिन

टीव्हीवर ॲप उघडलं की क्यूआर किंवा पाच-सहा अक्षरांचा कोड येतो. क्यूआर असेल तर फोनच्या कॅमेऱ्यानं तोच वापरा. कोड असेल तर टीव्हीवर दिसणारा पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत अक्षर न अक्षर टाइप करा. तो गूगलवर शोधू नका. हुबेहूब दिसणारी खोटी पानं वर येतात आणि 'ॲक्टिव्हेशन फी' मागतात. टीव्ही जोडायला कोणतीही सेवा वेगळी फी घेत नाही.

कोड बरोबर असूनही 'कनेक्ट होऊ शकत नाही' आलं तर टीव्हीची तारीख बघा. वीज गेल्यावर काही टीव्ही जुन्या तारखेवर जातात आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' करा. ही इतकी साधी गोष्ट आहे, की ती कुणी तपासतच नाही.

घरात मुलं असतील तर पहिल्याच दिवशी त्यांचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. २०२१च्या नियमांप्रमाणे मालिका-चित्रपटांवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए अशी खूण असते. १३+ पासून पुढं कुलपाची सोय देणं सेवेवर बंधनकारक आहे, पण ते लावायचं काम तुमचं.

टप्पा ७: बघताना काय तपासायचं

रात्री साडेनऊला सलग वीस मिनिटं एकच गोष्ट बघा. पहिल्या मिनिटातला धुरकटपणा सोडून द्या, ॲप वेग जोखत असतं. पाच मिनिटांनीही चेहरे पुसट असतील तर तिथंच दुसऱ्या सेवेवरचं काहीतरी लावून बघा. ते स्वच्छ दिसलं तर दोष नव्या सेवेचा.

मग दहा मिनिटं पुढं उडी मारा. तीन-चार सेकंदांत चित्र यावं.

आवाज. संगीत कान फाडतं आणि संवाद ऐकू येत नाहीत, ही तक्रार फार असते. ऑडिओ ५.१वर (सहा स्पीकरसाठीच्या आवाजावर) असेल आणि टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर असं होतं. ऑडिओच्या यादीत स्टीरिओ निवडा.

मराठी. जाहिरातीत 'मराठीतही' असतं. कुठं डबिंग, कुठं फक्त सबटायटल, कुठं नुसतं नाव मराठीत, हे एकेक उघडूनच कळतं. घरातले ज्येष्ठ ज्या चार गोष्टी बघणार आहेत त्या चार नावानिशी शोधा. ट्रायलच्या यादीत असलेली पण 'भाड्यानं घ्या' असं लिहिलेली गोष्ट वर्गणीत धरू नका.

एकाच वेळी टीव्ही आणि दोन फोन लावा. पडद्यांची मर्यादा कागदावर वाचण्यापेक्षा अशी कळलेली बरी.

थेट सामना बघायचा असेल तर हेही जाणून घ्या: इंटरनेटवरचं प्रक्षेपण डिशपेक्षा बऱ्याचदा अर्धा मिनिटभर मागं असतं. गल्लीत आरडाओरडा आधी होईल, विकेट तुम्हाला नंतर दिसेल. यावर इलाज नाही.

टप्पा ८: बुधवारी रात्री

सेवा ठेवायची असेल तर काही करायचं नाही. ठेवायची नसेल, किंवा अजून ठरलं नसेल, तर रद्द करा. बहुतेक सेवा रद्द केल्यावरही उरलेले दिवस चालू ठेवतात. काही लगेच बंद करतात, म्हणून शेवटच्या बटणाआधीची ओळ वाचा.

क्रम असा:

१. जिथून घेतली तिथंच रद्द करा. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर वर उजवीकडं आपला फोटो, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', मग 'सबस्क्रिप्शन्स'. आयफोनवर सेटिंग्ज, वर आपलं नाव, 'सबस्क्रिप्शन्स'. वेबसाइटवरून घेतली असेल तर सेवेच्या खात्यात.

२. 'रद्द झालं' या पडद्याचा आणि आलेल्या ईमेलचा स्क्रीनशॉट.

३. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' विभाग उघडून ती मंजुरी अजून 'ॲक्टिव्ह' दिसते का बघा. दिसली तर तिथूनही रद्द करा. कार्डानं दिली असेल तर बँकेच्या ॲपमधला ई-मँडेट (आपोआप कपातीच्या मंजुऱ्यांचा) विभाग. प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर थांबा: गूगलला दिलेली एकच मंजुरी इतर वर्गण्यांसाठीही असू शकते.

४. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट.

५. मग ॲप काढा. हे पाचवं आहे, पहिलं नाही. ॲप काढल्यानं वर्गणी बंद होत नाही.

पैसे तरीही कटले तर

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, त्या शोधात ठग बसलेले असतात. ॲपमधल्या 'मदत' विभागातूनच लिहा आणि वरचे स्क्रीनशॉट जोडा. परतावा द्यायला कुणी पिन मागितला, क्यूआर स्कॅन करायला लावलं किंवा पडदा दाखवणारं ॲप उतरवायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे घेताना पिन लागत नाही.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फसवणूकच झाली असेल तर क्षणभरही न थांबता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा. मालिकेतल्या मजकुराबद्दल तक्रार असेल तर ती वेगळ्या दारानं जाते: सेवेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं, आणि त्यांनी १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.